हुतात्म्यांच्या सागरात जलक्रीडा

शे-सव्वाशे प्रवाशांचे एक छोटेखानी, पांढरेशुभ्र जहाज अंदमानच्या पूर्वेकडील बेटांच्या रांगेसमोर सकाळी येऊन थांबते. जहाजाच्या पोटातून रबरी होड्या उतरतात. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वसननलिका आणि पायांत रबरी पर चढवून पाहुणे एकामागून एक पाण्यात शिरतात. खाली प्रवाळांची नगरी पसरलेली असते. चोचीने प्रवाळ कुरतडून त्याची वाळू करणारे निळे-हिरवे मासे, शिंपल्यांचे राक्षसी आकार, क्वचित एखादे कासव, आणि नशीब थोर असेल तर समुद्रगाय. सायंकाळी जहाजावर पेय हाती देऊन त्या दिवशी पाहिलेल्या जीवसृष्टीवर चित्रफितीसह व्याख्यान होते. दुसऱ्या दिवशी बॅरन बेटाचा ज्वालामुखी दुरून पाहायचा, मग नारकोंडम बेटाच्या दिशेने दुर्बिणी रोखून, जगात त्याच एका बेटावर राहणाऱ्या धनेश पक्ष्याचा शोध घ्यायचा. या सगळ्याला 'अस्पर्शित स्वर्गातील साहसयात्रा' असे म्हणतात आणि त्यासाठी डॉलरमध्ये भरभक्कम रक्कम मोजली जाते.

समुद्राखालची ही सृष्टी खरोखरीच विलोभनीय आहे आणि ती पाहावीशी वाटण्यात काही पाप नाही. माशाचे शास्त्रीय नाव, त्याचे आयुर्मान आणि त्याच्या विणीचा हंगाम अचूक सांगणाऱ्या त्या व्याख्यानात समोर दिसणाऱ्या बेटाचे नाव कोणाचे आहे, एवढी एकच गोष्ट मात्र सांगितली जात नाही.

ती सांगण्यासारखी आहे. जहाज ज्या द्वीपसमूहात फिरते तो रिचीचा द्वीपसमूह म्हणून ओळखला जातो. त्यातील बेटांना इंग्रजांनी दिलेली नावे पाहा. हॅवलॉक, नील, आउट्रम, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स, निकल्सन. ही यादी भूगोलाच्या पुस्तकातील कमी आणि १८५७ च्या संहाराच्या हजेरीपटातील अधिक वाटते. अलाहाबादेत झाडाझाडांवर माणसे लटकवणारा आणि कानपुरात बंदिवानांना फाशीआधी जमिनीवरचे रक्त चाटायला लावणारा तो नील. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा करण्याची कामगिरी पार पाडणारा तो आउट्रम. स्वातंत्र्यसमर चिरडण्यासाठी दिल्लीवर चालून गेलेला तो निकल्सन. याच नीलचा पुतळा मद्रासच्या रस्त्यावर उभा होता. तो हटावा म्हणून १९२७ मध्ये तेथील तरुणांनी सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला आणि अखेर १९३७ मध्ये तो पुतळा रस्त्यावरून हलला. समुद्रातला नील मात्र २०१८ पर्यंत जागचा हलला नाही. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि या भूमीला शहीद व स्वराज ही नावे देण्याचा संकल्प केला, त्याला तोवर पंचाहत्तर वर्षे होत आली होती.

त्या ३० डिसेंबरला नील शहीद द्वीप झाला, हॅवलॉक स्वराज द्वीप झाला आणि रॉस बेटाला नेताजींचे नाव मिळाले. 'नाव बदलून काय साधते?' असा प्रश्न तेव्हा पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींनी विचारला. नावात काहीच नसते, तर इंग्रजाने १८५७ नंतर शोधून शोधून याच सेनानींची नावे याच समुद्रात, काळ्या पाण्याच्या कैद्यांच्या डोळ्यांसमोर का ठेवली? जेत्याला नावाचे मोल कळते. ते विसरण्याची चैन फक्त जिताला सुचते. त्या दिवशी तीन बेटांची नावे बदलली. आउट्रम, निकल्सन आणि दोघे लॉरेन्स बंधू त्यातून सुटले.

त्यातही एक विलक्षण प्रकार आहे. याच द्वीपसमूहात १९९६ साली एक सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्याचे नाव राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान. मोरोपंत तांब्यांच्या लेकीचे नाव हिंदी महासागरातल्या प्रवाळांना मिळाले, ही कोणाही मराठी माणसाला अभिमानाची गोष्ट. परंतु त्या उद्यानात येणारी बेटे कोणती? आउट्रम, हेन्री लॉरेन्स आणि जॉन लॉरेन्स! ज्यांच्या साम्राज्याशी लढता लढता राणी ग्वाल्हेरला धारातीर्थी पडली, त्यांच्याच नावांची बेटे तिच्या उद्यानात सुखाने नांदत राहिली. शासकीय फायलींना विनोदबुद्धी नसते म्हणतात. येथे ती होती असे मानावे लागेल.

आणि याच समुद्रातून, ४ जुलै १९११ रोजी, 'महाराजा' नावाची आगबोट पन्नास वर्षांची शिक्षा झालेल्या एका क्रांतिकारकाला घेऊन आली होती. १८५७ ला बंड न म्हणता स्वातंत्र्यसमर म्हणा, असे जगाला ठणकावून सांगणारा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध करणारा हा माणूस. त्याला कोलूला जुंपले गेले ते त्या समराच्या मारेकऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेटांच्या शेजारी. त्याच्या आधी, १० मार्च १८५८ रोजी, दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी याच बंदरात उतरवली गेली. सेल्युलर जेल तेव्हा बांधलेही नव्हते; त्यांच्या वाट्याला आले ते जंगल, ताप आणि फास. स्वातंत्र्यवीरांच्या वचनांची पाटी सेल्युलर जेलच्या आवारातून २००४ साली एका केंद्रीय मंत्र्याच्या हट्टापायी उखडली गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ती परत लागायला सरकार बदलावे लागले.

आता 'अस्पर्शित' या शब्दाकडे वळू. पर्यटनाच्या रंगीत पुस्तिकांचा हा लाडका शब्द आहे आणि अंदमानच्या बाबतीत तो धडधडीत खोटा आहे. ही बेटे कधीच रिकामी नव्हती. हजारो वर्षांपासून येथे ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा आणि सेंटिनेली हे वनवासी बांधव राहत आले आहेत. इंग्रजांची वसाहत उभी राहिली तेव्हा ग्रेट अंदमानी समाज काही हजारांचा होता. १८६३ मध्ये त्यांना 'सुसंस्कृत' करण्यासाठी एका पाद्रीसाहेबांच्या देखरेखीखाली रॉस बेटावर आश्रयगृह उघडण्यात आले. त्यातून संस्कृती किती पसरली ते देव जाणे. रोग मात्र पसरले. १८७७ ची गोवराची साथ तर वणव्यासारखी फिरली. १९६१ च्या जनगणनेत या समाजाची माणसे उरली होती एकोणीस. ज्याला एवढ्या निर्दयपणे स्पर्श झाला, त्याला अस्पर्शित म्हणण्यासाठी अज्ञान तरी हवे किंवा कोडगेपणा.

१८८० मध्ये पोर्टमन नावाचा इंग्रज अधिकारी उत्तर सेंटिनेल बेटावर उतरला आणि एक वृद्ध जोडपे व चार मुले यांना धरून पोर्ट ब्लेअरला घेऊन आला. जोडपे काही दिवसांतच मरण पावले. मुलांना भेटवस्तूंसह परत सोडण्यात आले. त्या मुलांनी आपल्याबरोबर कोणते रोग नेले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक होडीला सेंटिनेली बांधव बाणाने उत्तर का देतात, याचा खुलासा शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही.

या परंपरेचा अलीकडचा वारस २०१८ मध्ये आला. जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण पर्यटक म्हणून भारतात आला, त्याने स्थानिक कोळ्यांना पैसे चारून रात्रीच्या अंधारात उत्तर सेंटिनेल गाठले आणि त्या नोव्हेंबरमध्ये तेथे मारला गेला. तो साहसी प्रवासी नव्हता. त्याच्या रोजनिशीत हे बेट सैतानाचा अखेरचा गड तर नव्हे, असा प्रश्न त्याने परमेश्वराला विचारला होता. ज्यांनी कधी कोणाच्या देशावर आक्रमण केले नाही, कोणाचे देऊळ पाडले नाही, कोणाला आपला धर्म घे म्हणून सांगितले नाही, त्यांची भूमी सैतानाची! एका साध्या सर्दीने अख्खा समाज मरू शकतो हे माहीत असूनही तो गेला. तरीही त्याला हुतात्मा ठरवणारे लेख पाश्चात्त्य जगात लिहिले गेले. मार्च २०२५ मध्ये आणखी एक अमेरिकन त्याच किनाऱ्यावर उतरला. शीतपेयाचा डबा आणि एक नारळ ठेवून, चित्रीकरण करून परतला आणि पकडला गेला. पहिल्याला आत्मे हवे होते, दुसऱ्याला प्रेक्षक. ते बेट त्यांच्या उपयोगासाठीच आहे, याविषयी दोघांनाही शंका नव्हती.

याच किनाऱ्यावर ४ जानेवारी १९९१ रोजी भारताची एक कन्याही गेली होती. मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय आणि त्यांचे सहकारी होडीतून नारळ पाण्यात सोडत राहिले आणि सेंटिनेली बांधवांनी जवळ येऊन ते शांतपणे स्वीकारले. पुढे काही वर्षांतच अशा भेटीही थांबवून त्यांना त्यांच्या जगात सुखाने राहू द्यावे, असे शासनाने ठरवले. हाती आलेला संपर्क त्यांच्या हितासाठी सोडून देणे, हा संयम धर्मांतराची दुकाने चालवणाऱ्या कोणत्या संस्थेला जमला असता? ऑगस्ट २०१८ मध्ये परकीयांना विशेष परवाना लागणाऱ्या यादीतून २९ बेटे वगळली गेली आणि त्यांत उत्तर सेंटिनेलही होते, ही मात्र गृहखात्याची घोडचूक होती. १९५६ चा वनवासी संरक्षण विनियम लागू असल्याने त्या बेटाचे दार कायद्याने बंदच राहिले, हे खरे. पण पर्यटनवाढीच्या उत्साहात असली नावे यादीत जातात कशी?

परकीयांना बोल लावून हात झटकता येणार नाहीत. जारवांच्या राखीव अरण्यातून जाणारा अंदमान ट्रंक रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. रस्ता चालूच राहिला. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना नाचायला लावतानाची चित्रफीत जगभर गाजली, तेव्हा मोटारींतून खाऊ फेकणारे हात भारतीय पर्यटकांचे होते. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा हे अनेकांना निमित्त असते. खरे आकर्षण वाटेत 'ते' दिसतील हे असते. महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात हजारो सुशिक्षित कुटुंबे अंदमानला जातात. सेल्युलर जेलमधील कोठडीपुढे त्यांचे डोळे पाणावतात, हे खरे आहे आणि समाधानाचे आहे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तीच कुटुंबे बाराटांगच्या ताफ्यात रांग लावतात, आणि घरी परतल्यावर 'हॅवलॉकला स्नॉर्कलिंग केलं' असे शेजाऱ्यांना सांगतात. स्वराज द्वीप हा शब्द जिभेवर यायला आणखी किती वर्षे लागणार?

पर्यटन नको म्हणता, मग बेटांवरच्या तरुणाने खायचे काय, असा आक्षेप येईल. पर्यटन नको असे कोणी म्हटलेले नाही. ते कोणाच्या अटींवर, एवढाच मुद्दा आहे. इक्वेडोरसारख्या लहान देशाने गालापागोस बेटांवर जहाजांना शंभर प्रवाशांची मर्यादा घातली. तेथे शासनमान्य वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, एका वाटाड्यामागे सोळाच पाहुणे, आणि उतरण्याच्या जागा ठरलेल्या. २०२४ मध्ये तेथील प्रवेशशुल्क शंभर डॉलरवरून दोनशे झाले. पलाऊ हा मूठभर लोकसंख्येचा देश २०१७ पासून प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्रावर निसर्गरक्षणाची शपथ छापतो आणि त्याखाली सही घेतो. प्रवाळांना घातक अशी सूर्यरोधक मलमे त्याने २०२० पासून बंद केली. तेथे पर्यटक यायचे थांबले नाहीत.

आपल्याकडेही वंडूरच्या सागरी उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे आलटूनपालटून उघडली जातात. प्लास्टिक किनाऱ्यावर ठेवूनच पुढे जावे लागते. म्हणजे शिस्त जमते. ती केवळ काही किलोमीटर समुद्रात का, आणि डॉलरवाल्या जहाजासमोर ती सैल का पडावी? प्रवाळ हा दगड नव्हे. इवल्या जीवांनी शतकानुशतके रचलेली ती वसाहत आहे. पाणी थोडेसे तापले की त्यांच्या अंगातली शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. २०१० मध्ये अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपाने उत्तरेकडचा किनाराच वर उचलला आणि तेथील प्रवाळ उघड्यावर येऊन मेले. निसर्गाचे घाव सोसून जे उरले, त्यावर नांगर पडावा आणि हौशी पाहुण्याने त्यावरच पाय टेकून छायाचित्र काढावे, हे कोणत्या साहसात बसते?

हीच फूटपट्टी घरच्यांनाही लावावी लागेल. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या ग्रेट निकोबारचे सामरिक महत्त्व वादातीत आहे. तेथे भारताचे सामर्थ्य उभे राहिलेच पाहिजे. पण ज्या गालाथिया उपसागरात प्रचंड चर्मपृष्ठ कासवे अंडी घालायला येतात, त्याचे अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाले आणि २०२२ मध्ये बंदर प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्या अरण्यातील शोम्पेन बांधवांचे काय, हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण देशविरोधी नसतो. वनवासींमध्ये आयुष्य वेचलेल्या कार्यकर्त्यांनी तो विचारला तर दिल्लीने ऐकून घ्यावा.

राहिला प्रश्न त्या पांढऱ्या जहाजाचा. त्याने यावे. परंतु त्यावर भारतीय वाटाड्या असावा, शासनाने शिकवून तयार केलेला, आणि शक्यतो बेटावरच वाढलेला. सायंकाळच्या व्याख्यानात माशांइतकीच मिनिटे १८५८ च्या त्या दोनशे बंदिवानांनाही मिळावीत. वनवासी क्षेत्राच्या पाच किलोमीटरच्या आत दिसलेल्या होडीचा परवाना कायमचा रद्द व्हावा. आणि आउट्रम, निकल्सन व लॉरेन्स बंधूंची नावे उतरवण्याचा प्रस्ताव संसदेत मांडण्यासाठी महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस खासदारांपैकी एकाने तरी उठावे. राणीच्या उद्यानापुरता निदान एवढा आग्रह झाशीच्या आधी रत्नागिरी-पुण्याकडून व्हायला हवा. ताफ्यात बसून बाराटांगला जाणे तर आजही कोणाला सक्तीचे नाही. सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेतील तेवढी एक ओळ खोडायला सांगितली की पुरे.