तूप डब्यासकट तोला

परवा पुन्हा एक बातमी आली: गंधकाची बॅटरी, पाचपट क्षमता! दर दोन-चार महिन्यांनी ती येते आणि माझी भुवई वर जाते.

गंधकावर माझा राग नाही. स्वस्त, उदंड. मुंबईतल्या माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतही इंधन स्वच्छ करताना तो निघतोच. लिथियमशी जोडी जमली तर एका ग्रॅममागे 1675 मिलिअँपिअर-तास, असं गणित सांगतं. मोटारींतले निकेलचे कॅथोड 200 च्या आसपास थांबतात. पण गंधकातून वीज जवळजवळ वाहतच नाही, लिथियम पोटात घेताना तो सुमारे 80 टक्के फुगतो, आणि मधल्या टप्प्यातली पॉलिसल्फाइडं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळून दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालतात. तेवढी क्षमता वाया.

यावर कार्बन हा उतारा. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने 2009 मध्ये तीन-चार नॅनोमीटर रुंदीच्या पोकळ्या असलेला कार्बन घेतला. गंधक 155 अंशांवर सर्वांत पातळ होतो. तसा तो वितळवून त्या पोकळ्यांत मुरवला. पाकात गुलाबजाम मुरतो तसा. क्षमता 1320 पर्यंत गेली. नंतर लक्षात आलं की कार्बनची पकड पॉलिसल्फाइडांवर ढिली पडते. म्हणून त्यात नायट्रोजन पेरा, मँगनीज किंवा टायटॅनियमचं ऑक्साइड मिसळा, असे प्रयोग सुरू झाले. संमिश्र कॅथोड म्हणतात तो हाच.

हे संशोधन अव्वल आहे. खटकतो तो काटा. छापलेला आकडा बहुधा निव्वळ गंधकाच्या ग्रॅममागे असतो. कार्बन, चिकटद्रव्य, पत्रा, सढळ हाताने ओतलेलं इलेक्ट्रोलाइट, सगळं हिशेबाबाहेर. दुकानात तूप डबा वगळून तोलतात, ते योग्यच. पण गाडीला डबाही वाहावा लागतो. शिवाय पोकळ कार्बन हलका असला तरी जागा खातो.

म्हणून ही बॅटरी शोभते ती जिथे ग्रॅम मोजतात पण जागेची चणचण नसते तिथे. 2010 मध्ये ब्रिटनचं झेफर हे सौर विमान लिथियम-गंधक बॅटरीवर रात्री काढत 14 दिवस आकाशात राहिलं. त्याच देशातली, अशाच बॅटऱ्या बनवू पाहणारी ऑक्सिस एनर्जी ही कंपनी मात्र 2021 मध्ये दिवाळखोरीत गेली. स्कूटरसाठी कुणी थांबू नये, हे माझं मत.

पुढची बातमी वाचाल तेव्हा दोनच गोष्टी शोधा: चौरस सेंटिमीटरमागे किती मिलिग्रॅम गंधक होता आणि इलेक्ट्रोलाइट किती. सापडलं नाही, तर खुशाल पान उलटा.