पहिला कॅमेरा

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर एके दिवशीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांची नोकरी एस.टी.मध्यें चालकाची, मुलगा इयत्ता नववींत. "सर, पोरानें कॅमेऱ्याचा ध्यास घेतला आहे. दुकानदार म्हणतो, साठ हजारांचा घ्या, हप्ते बांधून देतों. धाकटीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली ठेव मोडूं काय?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्या वेळीं आम्हीं जें उत्तर दिलें तें इतर पालकांच्याही उपयोगीं पडेल व विद्यार्थिमित्रांस विचार करावयास लावील, या हेतूनें तें येथें विस्तारानें मांडीत आहों.

आमचें उत्तर दोन वाक्यांत होतें. ठेव मोडूं नये. आणि मुलाचा छंदही मोडूं नये. पहिल्या वाक्यानें वडिलांचें समाधान झालें, दुसऱ्यानें मुलाचें. परंतु हीं दोन्ही वाक्यें एकाच वेळीं खरीं कशीं करावयाचीं, हाच मुख्य प्रश्न होय.

कित्येक पालक विचारतात कीं, घरांत मोबाईल आहे, त्यांत कॅमेराही आहे, मग आणखी एक यंत्र कशास? शंका रास्त आहे. केवळ सहलीचीं व सणासमारंभांचीं चित्रें हवीं असतील तर मोबाईल पुरेसा आहे, असें आम्ही स्पष्ट सांगतों. परंतु ज्यास छायाचित्रणाची कला शिकावयाची आहे, त्याची गोष्ट निराळी. मोबाईल बहुतेक निर्णय आपणच घेऊन मोकळा होतो. शिकणाऱ्यास चुकण्याची संधीच मिळत नाहीं. डी.एस.एल.आर. जातीच्या कॅमेऱ्यांत भिंगामागें, म्हणजे बाजारांत ज्यास लेन्स म्हणतात त्याच्या मागें, एक तिरपा आरसा असतो. भिंगांतून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर वळून पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोहोंचतो. कळ दाबतांच आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश मागील सेन्सरवर पडतो. भिंगाचें छिद्र किती उघडावें, पडदा किती वेळ उघडा ठेवावा व सेन्सरची संवेदनक्षमता किती ठेवावी, हे तीन निर्णय मुलास स्वतः घेतां येतात. धांवणारा खेळाडू सेकंदाच्या हजाराव्या भागांत जागच्या जागीं स्थिर टिपला जातो. पडदा सेकंदाचा पंधरावा भाग उघडा राहिला तर त्याच खेळाडूची नुसती पुसट रेघ उरते. हा धडा पुस्तकांत दहा वेळां वाचून जितका समजणार नाहीं, तितका एकदां चुकल्यानें समजतो.

आतां कॅमेरा कोणता घ्यावा? २००३ सालीं कॅनननें ३०० डी हा कॅमेरा काढिला, तेव्हां या जातीचा अंकीय कॅमेरा प्रथमच एक हजार डॉलरांच्या आंत मिळूं लागला. पुढें पंधरा वर्षें कॅनन व निकॉन यांनीं नवशिक्यांसाठीं एकामागून एक स्वस्त कॅमेरे काढिले. २०१८ सालचे निकॉनचा डी ३५०० व कॅननचा १५०० डी हे त्यांपैकींच. त्याच वर्षीं दोन्ही कंपन्यांनीं मोठ्या सेन्सरच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची नवी मालिका सुरू केली, आणि हौशी लोकांची दृष्टि तिकडे वळली. डी ३५०० चें उत्पादन तर पुढें थांबलेंही. पुष्कळांस हा तोटा वाटतो. आमच्या मतें नवशिक्यास हा लाभ आहे. नव्याच्या ओढीनें लोक आपले चांगले चालते कॅमेरे विकून टाकतात, ते कमी किमतींत हातीं येतात.

जुन्या कॅमेऱ्याचीं चित्रें कमी प्रतीचीं येतील, ही भीति व्यर्थ आहे. ए-४ आकाराच्या कागदावर उत्तम चित्र छापण्यास, इंचास ३०० ठिपके या हिशेबानें, सुमारें ८७ लाख ठिपके लागतात. डी ३५०० मध्यें ते २ कोटि ४० लाखांच्या वर आहेत. जास्त ठिपक्यांसाठीं जास्त पैसे मोजणें म्हणजे चार माणसांच्या घरांत चाळीस पाटांची पंगत मांडण्यासारखें आहे.

मात्र जुनी वस्तु पारखून घ्यावी. पडदा आजवर किती वेळां उघडला आहे, हा आंकडा विचारावा; निकॉननें डी ३५०० चा पडदा एक लाख वेळां चालवून पाहिला होता, यावरून कॅमेऱ्याचें उरलेलें आयुष्य अजमावतां येईल. भिंगांतून बॅटरीचा उजेड पाडून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे काय, हें पाहावें. कोंकणांतील व मुंबईंतील दमट हवेंत हा रोग फार. छिद्र अगदीं लहान करून पांढऱ्या भिंतीचें चित्र काढावें. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे असें समजावें. मूळ पावती अवश्य मागावी. मुंबईच्या फोर्ट भागांतील बोरा बाजारासारख्या ठिकाणीं चार दुकानें हिंडून, माहितगार मनुष्य बरोबर नेऊन, मगच व्यवहार करावा.

जी रक्कम योजिली असेल ती सगळी कॅमेऱ्यांत घालूं नये. १८ ते ५५ मिलिमीटरचें नेहमींचें भिंग बहुधा कॅमेऱ्याबरोबरच मिळतें. वर्षभर तेवढें पुरे. नंतर ३५ किंवा ५० मिलिमीटरचें, एफ १.८ छिद्राचें एखादें भिंग घ्यावें. एफ ५.६ च्या मानानें त्यांतून नऊ-दहा पट प्रकाश येतो, आणि संध्याकाळीं घरांतील माणसांचीं चित्रें काढतां येतात. डी ३५०० साठीं घेतांना मात्र भिंगांतच मोटर आहे ना, हें विचारावें. त्या कॅमेऱ्याच्या अंगांत ती नाहीं, व मोटर नसलेल्या भिंगाचा नेम हातानें साधावा लागतो.

येथें एखादा चतुर विद्यार्थी आम्हांस अडवील. तो म्हणेल, "दादासाहेब फाळके यांनीं विम्याची पॉलिसी गहाण ठेवून विलायत गांठलीच ना?" गांठली, हें खरें. परंतु त्या वेळीं त्यांनीं चाळिशी ओलांडली होती. छायाचित्रण व छपाई या धंद्यांत त्यांचीं वर्षें गेलीं होतीं. आणि गहाण ठेविली ती स्वतःची पॉलिसी. १९१२ सालीं परत आल्यावर त्यांनीं नव्या कॅमेऱ्यानें काय टिपलें? वाटाण्याचा एक वेल, कुंडींत कणाकणानें वाढणारा. त्या चित्रानें पैसा देणाऱ्यांचा विश्वास बसला, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. फाळक्यांचें अनुकरण करावयाचें असेल तर आधीं त्या वाटाण्याचें करावें, कर्जाचें नव्हे.

यासाठीं आमची एक सूचना आहे. कॅमेरा मागणाऱ्या मुलानें एक महिना घरांतील मोबाईलवर रोज एकाच जागेचीं तीन चित्रें काढावीं: सकाळीं, दुपारीं व संध्याकाळीं. प्रकाश कसा बदलतो, तें वहींत लिहावें. महिन्याअखेर ज्याची वही भरलेली असेल, त्याच्या वडिलांनीं हात आंखडूं नये. ज्याची कोरी असेल, त्यानें कॅमेऱ्याचें नांव काढूं नये. मुलानें मागावें त्यांत कांहीं स्वतःचेंही असावें, मग तो सुटींतील कामाचा पैसा असो, वा वाढदिवसाचा.

त्या विद्यार्थ्यानें वही भरली. ठेव जागच्या जागीं राहिली. जुना कॅमेरा घरीं आला. मध्यंतरीं त्यानें आम्हांस एक चित्र आणून दाखविलें. पहांटेच्या पहिल्या गाडीची कांच पुसत त्याचे वडील उभे आहेत. चित्र किंचित् काळवंडलें आहे. पडदा थोडा अधिक वेळ उघडा ठेवावयास हवा होता. तें आम्हीं सांगण्यापूर्वींच त्यानें सांगितलें. "पुढच्या वेळीं चुकणार नाहीं, सर," असें तो म्हणाला. साठ हजारांच्या कॅमेऱ्यानें त्यास याहून अधिक कांहीं शिकविलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं.