कालवांचा पत्ता पूर्ण लिहा

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
कांदळवन व सागरी जैवविविधता संवर्धन प्रतिष्ठान, मुंबई

विषय : कालवांचे बी एका खाडीतून दुसऱ्या खाडीत नेण्याआधी त्याचे कूळ तपासण्याबाबत.



आंबेगाव तालुक्यात अवसरी दोन आहेत, खुर्द आणि बुद्रुक. पाकिटावर नुसते ‘अवसरी’ लिहिले की पत्राचा भरवसा नाही. मी खुर्दचा; जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक, घरी कांद्याची शेती. समुद्र इथून घाटाखाली, आणि आमच्या घोड नदीचे पाणीही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला भीमेत जाते. तरी लिहितो आहे, कारण ‘कालव’ या नावाचेही अवसरीसारखेच झाले आहे.

2017च्या शासन योजनेतून आपण खाडीकाठच्या बचत गटांना कालवपालन, शिंपलेपालन, खेकडापालन शिकवता. ओहोटीला कोयता घेऊन खडक खरवडणाऱ्या बायांना त्यातून हक्काचे उत्पन्न मिळू शकते. पालन वाढले की बी, म्हणजे कालवांची पिल्ले, लागणार, आणि बी कमी पडले की ते शेजारच्या खाडीतून आणावेसे वाटणार. माझी काळजी तिथे सुरू होते.

कालवाच्या रूपावर जाऊ नये. ते ज्या खडकाला चिकटते त्याचा आकार घेते. मोकळ्यावर पसरट होते, दाटीत लांबोडके. त्यामुळे जाणकारही फसले. ज्याला पुस्तके क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस म्हणत, ते आता मॅगालाना बिलिनिएटा गणले जाते. खडकावरच्या सॅकोस्ट्रिया कुकुलाटा या एका नावाखाली तर डीएनए तपासल्यावर अनेक जाती निघाल्या. युरोपात ‘पोर्तुगीज’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेलेले कालव मूळचे आशियातले, तैवानकडच्या कालवांचे सगे, हे 1990च्या दशकात जनुकांनी सांगितले. बहुधा जहाजांच्या बुडाला चिकटून ते तिकडे पोचले असावे.

जात एक असली तरी प्रश्न संपत नाही. कालवाची मादी लाखो अंडी पाण्यात सोडते. त्यांतून निघालेले डिंभ, म्हणजे तरंगती पिल्ले, दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात, मग एकदा टेकले की जन्मभर तिथेच. एखाद्या खाडीतले डिंभ भरती-ओहोटीत तिथेच घुटमळतात. दुसरीची वस्ती बाहेरून आलेल्या डिंभांवर जगते. कोणती खाडी कुणाचे माहेर, हे डोळ्यांना दिसत नाही, डीएनएत दिसते.

आम्ही कांद्याचे बी धरतो तेव्हा निवडक गोट लावतो. डेंगळे फुलले की शेजारी दुसऱ्या जातीचा प्लॉट नको, असे शेजाऱ्याला आधीच सांगतो; मधमाशीला बांध कळत नाही. पलीकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे वाणावाणाने वेगळे जपले, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. खाडीतल्या बियाण्याला अशी काळजी का नसावी?

मागणी मोठी नाही. पालन सुरू होईल त्या प्रत्येक खाडीतून आधी काही डझन कालवांच्या मांसाचे तुकडे अल्कोहोलमध्ये ठेवावेत. कुपीवर खाडी, तारीख, खारटपणा आणि तिथल्या बाया त्या कालवाला काय म्हणतात ते नाव, एवढे लिहावे. जात ओळखायला सीओआय हे जनुक पुरते. खाड्यांमधली नाती कळायला डीएनएतल्या आणखी खुणा तपासाव्या लागतील. कुप्या ऐरोलीच्या आपल्या केंद्रात जपाव्यात आणि निष्कर्ष मराठीत त्याच बचत गटांना सांगावेत. तोवर शिंपल्यांच्या माळा त्याच खाडीत टांगून तिथलेच बी धरावे.

आमचे पत्र चुकून बुद्रुकला गेले तर कुणीतरी सायकलवरून आणून देते. खाडीत सोडलेले बी मात्र परत आणता येत नाही.

आपला,
अवसरी खुर्दचा एक निवृत्त शिक्षक