विमानें पाहावयास जातांना

शाळेस सुटी लागली कीं घरोघर सहलीचे बेत सुरू होतात. कोणी राणीच्या बागेंत जातात, कोणी घारापुरीस, कोणी चौपाटीवरच समाधान मानतात. या वर्षीं गिरगांवांतील पालकांपुढें एक निराळा बेत ठेवावा असें मनांत आलें. आमच्या विद्यार्थ्यांस विमानांचें वेड आहे. लढाऊ विमानांचीं नांवें व त्यांचे वेग त्यांस बीजगणिताच्या सूत्रांहून अधिक पाठ असतात. या वेडाला हंसण्याऐवजीं त्यास वळण लावणें हें वडील माणसांचें काम होय. आणि त्याकरितां लागणारी सामग्री आपल्या शहरांतच आहे. एका दिवसांत ती पाहून घरीं परत येतां येतें.

युद्धाचीं विमानें मुलांस दाखवावीं कीं नाहीं, याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हीं संहाराचीं साधनें. कोवळ्या मनांपुढें तीं आणूंच नयेत. दुसरा पक्ष म्हणतो, मुलांस शौर्य कळावें, त्यांची छाती अभिमानानें फुगावी, एवढें पुरे. अधिक विचार कशाला? मला हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. लपविलेल्या वस्तूची ओढ दुणावते, आणि नुसत्या अभिमानानें पाहिलेली वस्तु डोळ्यांपुढून गेली कीं मनांतूनहि जाते. विमान अवश्य दाखवावें. परंतु त्यापुढें उभें राहून मुलांनीं तीन प्रश्न विचारावे, अशी तयारी घरीं करून मगच निघावें. हें कोणीं बनविलें? यांत कोण बसला? आणि याच्या खालीं कोण होतें?

सकाळीं लवकर निघून प्रथम कोटांत लायन गेटपाशीं जावें. तेथील चौकांत ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचें स्मारक आहे. या नौकेची बांधणी दुसरें महायुद्ध चालू असतां १९४३ सालीं इंग्लंडांत सुरू झाली. युद्ध संपलें आणि काम अपुरें राहिलें. भारतानें ती १९५७ सालीं विकत घेतली, व ४ मार्च १९६१ रोजीं ती आपल्या नौदलांत दाखल झाली. १९७१ च्या डिसेंबरांत तिच्या पाठीवरून ‘सी हॉक’ व ‘अलिझे’ जातीचीं विमानें उडालीं आणि त्यांनीं कॉक्स बाजार व चितगांव येथें हल्ले केले. त्याच महिन्याच्या १६ तारखेस युद्ध संपलें व बांगलादेश स्वतंत्र झाला. तेव्हां ज्या बंदरांवर आपले बाँब पडले, तीं ज्या लोकांच्या मुक्ततेसाठीं आपण लढत होतों त्यांच्याच देशांतलीं होतीं, ही गोष्ट मुलांस नकाशा पुढें ठेवून सांगावी. युद्धांत न्याय आपल्या बाजूस असला तरी दुःख एकाच बाजूस राहत नाहीं, हें त्यांस यावरून समजेल.

‘विक्रांत’ची पुढील कथाहि सांगण्यासारखी आहे. १९९७ सालीं निवृत्त झाल्यावर ती कांहीं वर्षें मुंबईंत संग्रहालय म्हणून राहिली होती. आजच्या पालकांपैकीं कित्येक तिजवर फिरून आले असतील. पुढें नौका जीर्ण झाली. २०१२ सालीं ती लोकांस बंद करण्यांत आली. जतनाचा खर्च पेलणारें कोणी पुढें आलें नाहीं, आणि २०१४ सालीं दारूखान्यांत ती तोडावयास घेतली. तिचें कांहीं पोलाद एका मोटारसायकलीच्या टाकीसाठीं वापरलें गेलें, आणि कांहीं धातूपासून २०१६ सालीं हें लहानसें स्मारक घडलें. एवढी थोर नौका, आणि आज ती एका चौकांत मावते! जुन्या वस्तूंची थोरवी सर्वच गातात. त्यांच्या जतनाचा खर्च व श्रम सोसणारे मात्र थोडे असतात.

तेथून पी. डी’मेलो मार्गानें उत्तरेकडे जातांना उजव्या हातास गोदीची भिंत लागते. आंत जाण्याची परवानगी नसते, तरी बाहेरून जातांना मुलांस १४ एप्रिल १९४४ या दिवसाची हकीकत सांगावी. ‘फोर्ट स्टिकिन’ नांवाचें मालवाहू जहाज त्या दिवशीं व्हिक्टोरिया गोदींत उभें होतें. तें विलायतेहून निघालें तेव्हां त्यांत सुमारें १,४०० टन स्फोटक माल, सोन्याच्या विटा आणि ‘स्पिटफायर’ जातीचीं लढाऊ विमानें होतीं. कराचीस कापसाच्या गांठी चढल्या. मुंबईस आल्यावर त्या कापसास आग लागली, आणि दुपारीं चारच्या सुमारास जहाज फुटलें. अर्ध्या तासानें दुसरा, अधिक भयंकर स्फोट झाला. शेकडों माणसें मेलीं व हजारों बेघर झालीं. शत्रूचें एकहि विमान त्या दिवशीं मुंबईवर आलें नव्हतें. लढाई दूर ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर चालली होती. तिच्या मालाचें ओझें मात्र या शहराच्या माथ्यावर कोसळलें. आग विझवितांना अग्निशमन दलाचे साठांहून अधिक जवान कामीं आले. भायखळ्यास त्या दलाच्या मुख्य ठाण्यांत त्यांचें स्मारक आहे. आजहि १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. वैमानिकांचें शौर्य गातांना, हातांत पाण्याची नळी धरून आगींत शिरलेल्या या माणसांचें शौर्य मुलांच्या कानांवर अवश्य घालावें.

भायखळ्याहून सात रस्त्यावरून महालक्ष्मीकडे यावें. तेथून जवळच वरळीस नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारांत ‘मारुत’ हें लढाऊ विमान ठेविलें आहे. बहुतेक मुलें त्यापुढें उभीं राहून छायाचित्र काढवितात आणि पुढें पळतात. येथें निदान अर्धा तास बसावें आणि डबा सोडावा. हें विमान बंगळूरच्या कारखान्यांत तयार झालें. १७ जून १९६१ रोजीं तें प्रथम उडालें, आणि पुढें अशीं १४७ विमानें बांधलीं गेलीं. त्याचा मुख्य रचनाकार कुर्ट टांक हा जर्मन गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धांत हिटलरच्या हवाई दलासाठीं ‘फोके-वुल्फ १९०’ हें विमान त्यानेंच रचिलें होतें. तोच मनुष्य पुढें भारतांत येऊन आमच्या तरुण अभियंत्यांस विमान रचण्याची विद्या देऊन गेला. विद्या ही स्वतः कोणाचा पक्ष घेत नाहीं; तिला पक्ष देतो तो मनुष्य. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें ही गोष्ट जन्मभर ध्यानांत ठेवावी. ‘मारुत’ला पुरेसें जोरदार इंजिन कधींच मिळालें नाहीं; तरी १९७१ सालीं राजस्थानच्या वाळवंटांत त्यानें युद्धांत आपला वांटा उचलला. त्यांत बसलेले तरुण कोणाचे तरी पुत्र होते, आणि खालीं रणगाड्यांत बसलेले तरुणहि कोणाचे तरी पुत्रच होते.

दिवस कलतां कलतां जुहूस जावें. तेथील विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा एकटेच ‘पस मॉथ’ नांवाचें चिमुकलें विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें येथें उतरले. बरोबर टपालाच्या थैल्या होत्या. बाराच वर्षांनीं स्पिटफायरचें जहाज मुंबईकडे निघालें. जवळचा सांताक्रूझचा विमानतळहि महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. आज तेथून माणसें लग्नकार्यास आणि नोकरीस जातात. एकच यंत्र पत्र आणतें आणि बाँबहि आणतें. म्हणून ही सहल जुहूस संपवावी. तेथें तीन प्रश्नांपुढें मुलें आपण होऊन चौथा जोडतील: हें यंत्र आपण कशासाठीं वापरणार?

घरांत आजी-आजोबा असतील तर त्यांस बरोबर न्यावें. प्रवास झेपत नसेल तर आदल्या रात्रीं त्यांच्यापाशीं बसावें. १९७१ सालीं मुंबईनें रात्रीं काळोख पाळला होता. खिडक्यांस काळे कागद लावीत, भोंगा वाजला कीं दिवे मालवीत. तेव्हां आपल्या आजीस काय वाटलें, हें कोणत्याहि फलकावर लिहिलेलें नाहीं. तें आजीकडूनच ऐकावें लागतें, आणि तीं माणसें आतां थकत चाललीं आहेत.

ज्यांस आणखी सवड असेल त्यांनीं मोठ्या सुटींत गोव्यास बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालय पाहावें. ‘विक्रांत’वरून उडणारीं ‘सी हॉक’ व ‘अलिझे’ या जातींचीं विमानें तेथें पाहावयास मिळतात. किंवा पुण्याजवळ खडकीस जावें. तेथील युद्धस्मशानभूमींत दुसऱ्या महायुद्धांतील १,६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी ओळीनें आहेत. शिळांवर नांवें आहेत, आणि कित्येकांवर वयहि कोरलेलें आहे. आमच्या मॅट्रिकच्या वर्गांतील मुलांहून फार मोठीं नसलेलीं तीं वयें मुलांनीं स्वतः वाचावीं, व क्षणभर स्तब्ध उभें राहावें. तेथें पालकांनीं व्याख्यान देण्याचें कारण नाहीं.

या सहलीस खर्च फार नाहीं. रेल्वेचीं तिकिटें, बसचें भाडें, घरची पोळीभाजी, पाण्याची बाटली आणि एक लहान वही. त्या वहींत प्रत्येक ठिकाणीं मुलांनीं तीन प्रश्नांचीं उत्तरें आपल्या हातानें लिहावीं. सुटी संपल्यावर ज्यांच्या वह्या भरलेल्या असतील, त्यांनीं त्या वर्गांत आणाव्या. मी त्या आनंदानें वाचीन, आणि तीं उत्तरें पुढील वर्षींच्या अंकांत छापावीं अशी संपादकांस विनंति करीन.