दप्तरात चिलखत

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेत शाळेच्या खरेदीची लगबग सुरू होते. वह्या, रंगपेट्या, डबा, पाण्याची बाटली यांच्या जोडीला गेली काही वर्षे आणखी एक वस्तू मांडली जाऊ लागली आहे: बुलेटप्रूफ दप्तर, किंवा साध्या दप्तरात सरकवायचे गोळीरोधक पॅनेल. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात मराठी मुलेही याच शाळांत जातात. त्यांच्या आईबापांची भीती खरी आहे. म्हणूनच त्या भीतीच्या जिवावर जे विकले जात आहे, त्याबद्दल आडपडदा न ठेवता बोलले पाहिजे.

या पॅनेलांवर बहुधा ‘लेव्हल ३-ए’ असे छापलेले असते. ही श्रेणी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस, म्हणजे एनआयजे, या सरकारी संस्थेने पोलिसांच्या चिलखतांसाठी ठरवली. २०२३च्या नव्या मानकात त्या पातळीला ‘एचजी-२’ म्हणतात. ती पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या अडवते, रायफलच्या नाही. शिवाय आपण दप्तरांची चाचणीही घेत नाही आणि त्यांना प्रमाणपत्रही देत नाही, हे एनआयजेनेच जाहीर केले आहे. तेव्हा ‘एनआयजे प्रमाणित दप्तर’ असा दावा दिसला, तर तिथेच खरेदी थांबवावी. घ्यायचेच असेल, तर कोणत्या स्वतंत्र प्रयोगशाळेने, कोणत्या गोळ्या झाडून, नेमके हेच पॅनेल तपासले, याचा लेखी अहवाल मागावा. अहवाल देता येत नसेल, तर विक्रेत्याच्या शब्दावर मुलाचा जीव सोपवू नये.

पण अहवाल चोख असला, तरी मुख्य प्रश्न उरतोच: शाळेवरच्या हल्ल्यात हे पॅनेल टिकेल का? २०१२मध्ये सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. २०१८मध्ये पार्कलंडला १७ जण गेले. २०२२मध्ये युवाल्डीत १९ मुले आणि २ शिक्षिका. तिन्ही ठिकाणी हल्लेखोराच्या हाती एआर-१५ धर्तीची रायफल होती. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण साडेतीनशे-चारशे मीटर वेगाने जाते, तर या रायफलची नऊशे मीटरच्या आसपास. लेव्हल ३-एचे मऊ पॅनेल तिच्यापुढे टिकत नाही.

युवाल्डीत काय घडले, ते प्रत्येक पालकाने समजून घ्यावे. शाळेत आणि शाळेभोवती मिळून ३७०हून अधिक पोलीस आणि सुरक्षा अधिकारी जमले होते. तरीही हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटे लागली. आतला माणूस रायफल घेऊन आहे म्हणून आपण कचरलो, असे काही अधिकाऱ्यांनी नंतर चौकशीत सांगितले. आपल्या अंगावरचे चिलखत काय अडवते आणि काय नाही, हे त्यांना ठाऊक होते. प्रशिक्षित, सशस्त्र, मोठी माणसे जिथे दाराबाहेर थबकली, तिथे आठ वर्षांच्या मुलीने दप्तर छातीशी धरून काय करावे, अशी आपली अपेक्षा आहे?

रायफलची गोळी अडवणारी कडक प्लेट मिळते, पण तिचे वजन दोन-तीन किलोपर्यंत जाते. भारताच्या २०२०च्या दप्तर धोरणानुसार मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक ओझे पाठीवर नसावे. वीस किलोच्या मुलाची ती सारी मर्यादा, एकही वही न भरता, या प्लेटमध्येच संपते. आणि अनेक शाळांत दप्तर तासाच्या वेळी मुलाजवळ नसतेच. ते खुंटीला किंवा लॉकरमध्ये असते.

आमचा खरा आक्षेप याहून मोठा आहे. मुलांना शाळेत सुरक्षित ठेवणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी. ती गुपचूप एका बालकाच्या पाठीवर सरकवली जात आहे, आणि तीही ज्यांच्या आईबापांना परवडते त्यांच्याच. ही वस्तू कंपासपेटीइतकी नित्याची झाली, तर बंदुकीचा प्रश्न सोडवण्याची निकड कुणालाच उरणार नाही.

धोका कुठे आहे, हे आकडे सांगतात. २०२०पासून अमेरिकेत १ ते १९ वर्षे वयातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हे आहे. त्यातले शाळेत झालेले मृत्यू अगदी थोडे. बाकीचे घरात, रस्त्यावर, मित्राकडे होतात, आणि त्यांत आत्महत्याही पुष्कळ. शाळांवर बंदुकीने झालेल्या हल्ल्यांचा अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने २०१९मध्ये अभ्यास केला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश हल्लेखोरांनी बंदूक आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आणली होती, असे आढळले. २०२१मध्ये मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारले, तेही बापाने नुकत्याच घेतलेल्या पिस्तुलाने. २०२४मध्ये त्याच्या आईला आणि वडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून तिथल्या मराठी पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मूल कुणाकडे खेळायला जाणार असेल, तर आधी फोन करून विचारा: घरात बंदूक आहे का? ती रिकामी करून कुलपात आहे का? गोळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत का? इथे भीड बाळगू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी आपण सांगतोच ना? शाळा मंडळाच्या बैठकीत उभे राहून विचारा की बंदूक सुरक्षित ठेवण्याची सूचना पालकांना लेखी जाते का. मिशिगनमध्ये मुले असलेल्या घरांत बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती फेब्रुवारी २०२४पासून लागू झाली. अशी सक्ती करणारा देशव्यापी कायदा आजही नाही. ज्यांना तिथे मताचा अधिकार आहे, त्यांनी आपल्या प्रतिनिधीकडे तो मागावा, दप्तराच्या खरेदीला निघण्याआधी.