छायाचित्राखालचे नाव

जिचे चित्र १९२७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील ‘व्होग’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकले, त्या ली मिलरनेच १८ वर्षांनी बुखेनवाल्ड आणि डाखाऊ येथील छळछावण्यांतील प्रेतांच्या राशी छायाचित्रांत नोंदवून, विश्वास न ठेवणाऱ्या जगापुढे त्या साक्ष म्हणून मांडल्या. सौंदर्याच्या बाजारात वर्षानुवर्षे जिला इतरांनी पाहिले, तिला पाहणाऱ्याची सत्ता किती मोठी असते हे पुरते उमगले होते. म्हणूनच पॅरिसमध्ये मॅन रे या कलावंताच्या हाताखाली तिने छायाचित्रणाची विद्या हस्तगत केली आणि १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याची वार्ताहर म्हणून रीतसर परवाना मिळवला. स्त्री वार्ताहरांना प्रत्यक्ष रणभूमीवर मज्जाव असता, १९४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील सेंट-मालोच्या वेढ्यात ती राहिली, छायाचित्रे टिपली आणि हुकूममोडीबद्दल काही काळ नजरकैदेतही पडली.

परंतु १९७७ मध्ये तिचे निधन झाल्यावर निगेटिव्ह आणि छायाचित्रे मिळून सुमारे ६०,००० वस्तूंचा ठेवा घराच्या माळ्यावर सापडला, तेव्हा कुठे तिच्या पुत्रालाही मातेच्या कर्तृत्वाचे खरे परिमाण कळले. आपल्याकडेही निराळे घडले नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. पद्मविभूषण त्यांना मिळाले ते २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या हळदीचा लौकिक मोठा. तिचे कंद वेचणाऱ्या, वाळवणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे हंगामात हटकून छापली जातात, पण ती टिपणारा हात स्त्रीचा असल्याचे माझ्या पाहण्यात क्वचितच आले. रात्रीअपरात्रीची धावपळ, मोर्चे, जाळपोळ ही कामे मुलींना झेपणार नाहीत, असा युक्तिवाद काही वडीलधारे करतात. काळजी रास्त आहे. पण तिचे उत्तर वाहन, सोबत आणि विमा यांत शोधावयाचे, मज्जावात नव्हे. ‘सुरक्षिततेस्तव’ काढलेला हुकूम सेंट-मालोतही होता, आणि तो पाळला गेला असता तर इतिहासाचा एक पुरावा आपण गमावला असता.

तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी प्रत्येक जिल्हा कचेरीत निदान एका स्त्री छायाचित्रकाराची पगारी नेमणूक करावी, आणि तिने काढलेल्या प्रत्येक छायाचित्राखाली तिचेच नाव छापावे. ही मागणी दयेची नाही. वाचकाच्या दप्तरात साक्ष अपुरी राहू नये, यासाठी ती आहे.