सोय नाही!

मराठीतलं सर्वांत आळशी वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी 'बघू' असं उत्तर देणार नाही. 'बघू' म्हणणारा निदान डोळे उघडायला तयार असतो. सर्वांत आळशी वाक्य म्हणजे 'सोय नाही'. ते उच्चारायला खुर्चीतून उठावं लागत नाही, कपाट उघडावं लागत नाही. समोरच्याने फारच खोदून विचारलं तर 'सिस्टीममध्येच नाही हो' एवढं म्हटलं की जबाबदारी अशा मुलखात जाऊन पडते, जिथे भांडायलासुद्धा माणूस सापडत नाही. मी बँकेत काउंटरवर बसतो. या वाक्याची उलाढाल मी रोज पाहतो, म्हणून त्याचा निषेध करण्याचा अधिकार मला पोचतो असं मी समजतो.

माझा दावा असा : संगणकावर मराठीची सोय नाही असं जेव्हा सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा ती सोय असते. फक्त कुणी चालू केलेली नसते. दुकानात मीठ न मिळणं वेगळं आणि घरात बरणी भरलेली असताना आमटीत मीठ न घालणं वेगळं. या दाव्याचा पुरावा मला एका एडिटरच्या पोटात सापडला. एडिटर म्हणजे संपादक नव्हे. ते माझं लिखाण साभार परत करतात. हा एडिटर म्हणजे संगणकावर मजकूर लिहायचा प्रोग्राम. याचं नाव इमॅक्स.

कॉमर्सच्या पदवीधराला झेपेल एवढाच इतिहास सांगतो. 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली सुरू केली. पुढे तिचं आपल्याकडच्या सावजी मसाल्यासारखं झालं. पाटी सगळीकडे तीच, पण चव ज्याची त्याची. बर्कले विद्यापीठाचं युनिक्स निराळं, सनचं निराळं, आयबीएमचं निराळं, एचपीचं निराळं. एकाकडे चालणारा प्रोग्राम दुसऱ्याकडे गेला की नव्या सुनेसारखा गोंधळायचा. 1985 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू इमॅक्स लोकांना दिला, तो शिजवलेल्या भाजीसारखा न देता कृतीसकट दिला. या कृतीला सोर्स कोड म्हणतात. सुरुवातीच्या काळात ती वापरणाऱ्याने एक फाईल उघडायची आणि आपलं यंत्र कोणतं, आपलं युनिक्स कोणतं हे स्वतःच्या हाताने त्यात लिहायचं. मग तो प्रोग्राम त्या घरच्या चुलीला साजेसा तयार व्हायचा.

पुढे 1991 साली डेव्हिड मॅकेन्झी नावाच्या गृहस्थांनी ऑटोकॉन्फ नावाचं साधन तयार केलं आणि ही चौकशी यंत्रावरच सोपवली. 'कॉन्फिगर' अशी आज्ञा दिली की ती मुलीच्या बापासारखी स्थळाची चौकशी सुरू करते. कंपायलर आहे का? येस. अमुक फाईल आहे का? येस. तमुक फंक्शन आहे का? नो. तोंडी उत्तरावर तिचा विश्वास नाही. ती स्वतः छोटे छोटे प्रोग्राम लिहिते आणि ते चालतात का हे तपासते. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे खात्री केल्याशिवाय ती पत्रिका पुढे सरकवत नाही.

मला या आज्ञेचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे कुणी काही बसवायच्या आधी विचारतं का? परिपत्रक वर निघतं आणि खाली येऊन आदळतं. नागपूरच्या मे महिन्यात कोट-टाय चालेल का, हे कुणाला विचारावंसं वाटत नाही. एक निर्जीव प्रोग्राम मात्र पाऊल टाकण्यापूर्वी शेकडो प्रश्न विचारतो : बाबा रे, तुझ्याकडे काय आहे, काय नाही? या नम्रतेचा कोर्स निघाला तर आमच्या खात्यातल्या पुष्कळांची नावं मी सुचवीन.

आता मूळ तक्रार. इथे नंदनवनात आमच्या ओळखीचं एक छोटं वाचनालय आहे. त्याला कुणीतरी जुना संगणक दिला. पुस्तकांची यादी मराठीत करायची होती. बसवून द्यायला आलेल्या तरुणाने इमॅक्स तयार केला आणि चाचणी म्हणून 'नंदनवन' हा शब्द टाइप केला. तो दिसला. टिंब जरासं बाजूला सरकलं होतं, पण तेवढं कोण बघतो! आता आमच्या वस्तीचं नाव असं आहे, की त्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. इतकं निरुपद्रवी नाव महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही. त्यावर मराठीची परीक्षा घेणं म्हणजे 'दोन अधिक दोन'वर चार्टर्ड अकाउंटंट पास करणं. पुढचा शब्द 'सक्करदरा' टाइप केला आणि 'क'चा पाय मोडून तो लंगडायला लागला. 'पुस्तक'चं 'पुस्‌तक' झालं. 'किल्ला'मधली वेलांटी 'क'च्या पुढे यायची, ती वरातीमागून घोडं यावं तशी मागून आली.

"काकाजी, जोडाक्षरांची सोय नाही आहे त्याच्यात," तो तरुण ग्रंथपालांना म्हणाला. काकाजींनी मान डोलावली. चाळीस वर्षं तेच ऐकून ती मान आता आपोआप डोलते.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने पडद्यावर दोन मिनिटं काहीतरी खालीवर केलं आणि म्हणाला, "मामा, सोय आहे ना! यानं 'विदाउट-ऑल' टाकून बनवून ठेवलं आहे."

वाचकहो, हा माझा शोध नाही. 'विदाउट-ऑल' नावाचा पर्याय खरोखरच आहे. तो दिला की आवश्यक नसलेल्या बहुतेक सगळ्या सोयी वगळल्या जातात. यंत्र जुनं, म्हणून प्रोग्राम हलका करावा, हा त्या तरुणाचा हेतू चांगलाच होता. प्रश्न एवढाच, की 'आवश्यक नसलेल्या'च्या यादीत आमचं जोडाक्षर बसलं, आणि ते मराठी वाचनालयात! रेल्वेत माणूस विदाउट सापडला तर दंड होतो. इथे अख्खी भाषा विदाउट केली आणि वर पावती दिली : सोय नाही.

अक्षरं जोडण्याचं काम इमॅक्समध्ये 2020 सालच्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून मुख्यतः हार्फबझ नावाच्या ग्रंथालयाकडे आहे. हे नाव फारसी 'हर्फ' आणि 'बाज' यांवरून आलं, अर्थ 'खुली अक्षरं'. आपल्याला दगाबाज आणि पत्तेबाज ठाऊक, हा अक्षरबाज. भाच्याने 'विदाउट-ऑल' काढून टाकलं, तरी कॉन्फिगर म्हणालं, हार्फबझ? नो. म्हणजे ते यंत्रावर होतं, पण सोर्सवरून प्रोग्राम बांधताना त्याच्या ज्या जोडफायली लागतात, त्या नव्हत्या. हे मला लगेच समजलं. खात्यात रक्कम आहे, पण पैसे काढायची स्लिप भरलेली नाही. आम्ही काउंटरवरून माणसाला असाच परत पाठवतो. फरक इतकाच, की कॉन्फिगर आपल्या यादीत 'नो' असं स्वच्छ लिहून ठेवतं. आमच्याकडे 'साहेब जेवायला गेलेत' असं सांगतात. जोडफायली आणल्या, पुन्हा बांधणी केली. तर्रीपोह्यांची प्लेट संपेपर्यंत नाही, पण त्यावरचा चहा होईपर्यंत 'सक्करदरा' दोन्ही पायांवर उभा राहिला.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? दुसरा एडिटर घ्यायचा. घ्या की! मोबाईलवर तर पोट्टीसुद्धा झकास मराठी लिहितात. पण यातून माझीच बाजू बळकट होते. मोबाईलवर होतं, म्हणजे अशक्य नाही. मग कचेरीत का होत नाही? कारण मोबाईल विकणाऱ्याला आपण हवे असतो. कचेरीला आपण फक्त रांगेत हवे असतो.

आणि हे सगळं केलं कुणी, तेही ऐका. इमॅक्सला अनेक लिपी शिकवण्याचं मोठं काम जपानमधल्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीतल्या केनइची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. 1997 साली ते विसाव्या आवृत्तीत आलं. देवनागरीच्या फायलींवर काम केलं, तेही कावाबाता नावाच्या जपानी गृहस्थांनी. ज्यांच्या दारात आपली वेलांटी कधी गेली नाही, त्यांनी ती कुठे काढायची याचा विचार केला. आणि आपण 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. पण अभिजात भाषेत 'आचार्यांना' मानधन आणि 'आचाऱ्यांना' मजुरी देण्याइतपत फरक यंत्राला कळायला हवा की नको? नाहीतर समारंभात मोठा घोटाळा व्हायचा. 'ॲकाउंट'मधला 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 साली आला. तो आला, कारण कुणीतरी मागितला. सोयी अशा येतात.

ही नुसती शुद्धलेखनाची हौस नव्हे. माझ्या काउंटरवर ज्ञानेश्वर नावाची माणसं येतात. इंग्रजीत एका कागदावर त्यांची सुरुवात डी-एन-वाय, दुसऱ्यावर जी-वाय, तिसऱ्यावर जे-एन. देवनागरीत तिन्ही ठिकाणी एकच ज्ञानेश्वर. आधार कार्डावर तर मराठी नाव छापलेलंही असतं. पण जुळवणी करायची ती इंग्रजी स्पेलिंगची, कारण? सोय नाही. मग सत्तर वर्षांचा माणूस आपण आपणच आहोत असं प्रतिज्ञापत्र करायला उन्हातून कचेरीत जातो. ज्या 'ज्ञ'ने घोटाळा केला, तोच 'ज्ञ' प्रतिज्ञापत्रातही बसलेला असतो. तिथे मात्र तो चालतो, कारण तिथे स्टॅम्प पेपरचे पैसे पडतात.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. संगणकाने मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवावं असं मी म्हणत नाही. कचेरीत काहीही बसवण्यापूर्वी त्या कॉन्फिगरसारखी चौकशी करा : इथली माणसं कोणती भाषा लिहितात? त्यांची नावं कशी आहेत? आणि चाचणी 'नंदनवन'वर घेऊ नका. 'ज्ञानेश्वर'वर घ्या, 'सक्करदऱ्या'वर घ्या. ते उतरलं तर बाकीचं उतरेल.

आणि तुम्ही, वाचकहो, काकाजींसारखी मान डोलवू नका. उद्या कुणी खिडकीतून 'सोय नाही' म्हणालं, की शांतपणे एवढंच विचारा, "नाही, की विदाउट?" समोरच्याला प्रश्न कळणार नाही. पण तो कुणालातरी विचारायला खुर्चीतून उठेल, आणि ते पाहायला मी माझ्या खुर्चीतून उठायला तयार आहे.